क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन एका दिवसात: निघण्याआधीची तयारी

मे महिन्यात पोरांना सुट्टी असते आणि सोलापुरात ऊन मी म्हणत असतं, म्हणून आम्ही न्यूझीलंडला गेलो ते मेमध्येच. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. त्या सहलीतला सगळ्यात मोठा टप्पा क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन, साधारण 480 किलोमीटर. म्हणजे सोलापूरहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी जवळजवळ परत यायचं. नकाशा सहा तास दाखवतो. आम्हाला पावणेदहा लागले.

म्हणून तयारी किलोमीटर मोजून करू नका, उजेड मोजून करा. तिथं मे म्हणजे थंडीची चाहूल. उजाडतं साडेसात-आठला आणि पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. आमचा सकाळचा पाऊण तास डिकीत बॅगा बसवण्यात गेला आणि क्वीन्सटाउनच्या अलीकडच्या क्रॉमवेल गावापुढची कावाराउ नदीची घळ पार अंधारात ओलांडावी लागली. एका बाजूला कडा, खाली नदी आणि वळणावर वळण. सासूबाई तोंडातल्या तोंडात नामस्मरण करत होत्या. तेव्हा बॅगा आदल्या रात्रीच गाडीत बसवून बघा, आणि गाडी ठरवताना नुसती माणसं मोजू नका, बॅगाही मोजा. सहा माणसांची सीट आणि सहा माणसांची डिकी यांत फार फरक असतो.

विमानातून उतरल्या दिवशी हा टप्पा मुळीच धरू नका. तिथलं घड्याळ मेमध्ये आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं असतं. तिथं सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा आपल्या अंगाला रात्रीचा दीडच वाटतो. दोन रात्री नीट झोप काढा, मग स्टिअरिंग धरा.

कागदपत्रांचं काम सोलापुरातच उरकतं. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथं चालतं, मूळ कार्डच जवळ हवं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला बरा. फॉर्म 4ए, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. काढायचाच तर दोघांचा काढा आणि भाड्याच्या गाडीच्या कागदावर दोन्ही नावं घाला. निम्म्या वाटेवरच्या ट्वायझेल गावाशी ह्यांचे डोळे जड व्हायला लागले, तिथून पुढं मी चालवली. हे आधी ठरलेलं नसतं तर ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणत ते तसेच चालवत राहिले असते. सात वर्षांखालच्या मुलाला तिथल्या नियमानं चाइल्ड सीट लागतेच, ती गाडीबरोबरच सांगून ठेवा.

खाण्याचं मात्र जपून. विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहायची. लिहिलेली वस्तू अधिकारी बघतात आणि ठेवायची की टाकायची ते सांगतात. न लिहिता सापडली तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मध, ताजी फळं, भाज्या घरीच ठेवा. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी लिहून नेली, डबा उघडून बघितला आणि परत दिला. ट्वायझेलच्या अलीकडं टेकापोच्या तळ्याकाठी तिथल्याच दुकानातलं दही घेऊन भाकरी चुरायला बसलो तर वाऱ्यानं चटणी उडायला लागली. शेवटी डिकीचं झाकण वर करून त्याच्या आडोशाला ताटल्या धरल्या. निळंशार पाणी, समोर बर्फाचे डोंगर आणि दातांखाली कडकडणारी ज्वारी. दिवसभरातली तीच वेळ सासऱ्यांना अजून आठवते. तिथं तासभर जाणारच, तो आधीच हिशोबात धरा.

गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते, त्यामुळे भीती नको. मोकळ्या रस्त्याला मर्यादा ताशी 100, गावात बहुतेक ठिकाणी 50. ह्या भागात, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एकपदरी पूल लागतात. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं. ही खूण पोरांनासुद्धा शिकवून ठेवा, आमची मागून ओरडून सांगायची. ट्वायझेलच्या पुढच्या ओमारामा गावात टाकी भरून घ्या. पुढं 971 मीटर उंचीची लिंडिस खिंड आहे आणि क्रॉमवेलपर्यंत मोठं गाव नाही. थंडीत खिंडीतल्या सावलीच्या वळणांवर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, दिसत नाही. निघायच्या सकाळी रस्ता चालू आहे का ते बघा आणि तिथं वेग कमीच ठेवा. अधूनमधून मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या. मदतीचा नंबर 111, तो सगळ्यांना पाठ हवा.

घरात म्हातारं माणूस किंवा अगदी लहान मूल असेल तर माझं स्पष्ट मत, ट्वायझेलला मुक्काम करा. एका दिवसातच जायचं असेल तर उजाडल्याबरोबर गाडी हलली पाहिजे, आणि दर दोन तासांनी सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे. सोलापुरी चादर बॅगेच्या तळाशी घालू नका. ती डिकीत सगळ्यात वर ठेवा. टेकापोपासून पुढं आमची चादर सासूबाईंच्या गुडघ्यांवरच होती.