शेवंड, लॉबस्टर, झिंगा: मेनूकार्डावरच्या या चुका टाळा

नाशिकमध्ये हॉटेलांच्या मेनूकार्डांचा मराठी मजकूर मी तपासतो. समुद्र कसारा घाटाच्या पार खाली राहिला, त्यामुळे शेवंड हा शब्द इथे रोजच्या तोंडातला नाही, हे मान्य. पण म्हणून काहीही छापायचं?

सगळ्यात महागात पडते ती चित्राची चूक. आपल्या किनाऱ्यावर मिळते ती शेवंड, म्हणजे काटेरी लॉबस्टर. तिला जाड नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर अटलांटिकच्या थंड पाण्यातला, होमारस या प्रजातीचा.

गंगापूर रोडच्या एका हॉटेलवाल्याला उद्घाटनाची घाई होती. त्याने नेटवरून नांग्यांवाला लालभडक लॉबस्टर उचलला, खाली ‘शेवंड मसाला’ छापायला घेतलं आणि मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगितलं. चित्र बदला म्हटलं, तर म्हणे, “अहो सर, कोण बघतंय?” पहिल्याच रविवारी एका कुटुंबाने ताट परत पाठवलं. नांग्या स्वयंपाकघरात काढून ठेवल्या, असा त्यांचा आरोप होता. वेटर बिचारा मिशा उचलून दाखवत होता. पदार्थ बरोबर होता, कार्ड चुकीचं होतं. सगळी कार्डं पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून माझा नेम ठरलाय: ज्याच्याकडून माल येतो, त्याच्या पाटीतल्या शेवंडीचा फोटो आल्याशिवाय मी मजकुराला हात लावत नाही.

दुसरी चूक शास्त्रीय नावाची. ‘होमारस’ दिसलं की लोक नांग्यांवाला समजतात. पण पॅन्युलिरस होमारस ही आपली काटेरी शेवंडच, केरळ-तमिळनाडूकडे मिळणारी. मुंबईकडे मिळते ती मुख्यतः पॅन्युलिरस पॉलिफॅगस. त्यात पॅलिन्युरस नावाची आणखी एक काटेरी प्रजाती आहे. तिच्या नावातली रोमन अक्षरं उलटसुलट मांडूनच पॅन्युलिरस हे नाव बनवलं, म्हणून टाइप करताना दोन्हींची हमखास अदलाबदल होते. शास्त्रीय नावातले दोन्ही शब्द मी, अक्षर अक्षर वाचून, हाताने लिहून घेतो. अर्धं नाव कॉपी करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

झिंगा म्हणजे लॉबस्टर नव्हे, कोळंबी. मोठी असेल तर ‘जंबो कोळंबी’ लिहा आणि भावही कोळंबीचाच लावा.

‘टेल’ विकत असाल तर ‘फक्त शेपटी’ असं स्पष्ट लिहा. डोक्यातला हिरवट लगदा ही पचनग्रंथी, अंडी नव्हेत. जिवंत शेवंड ‘लाल’ लिहू नका, तो रंग शिजल्यावर येतो.

‘बेबी लॉबस्टर’ मी सरळ खोडतो. पॉलिफॅगसच्या निर्यातीसाठी किमान वजन ३०० ग्रॅम ठरलेलं आहे, आणि माझ्या हातून जाणाऱ्या कार्डावर त्याखालची शेवंड येत नाही. पोटाखाली अंडी असलेली मादी ‘स्पेशल’ म्हणून तर नाहीच नाही.

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘ब्लू लॉबस्टर’ म्हणून मिळतो तो गोड्या पाण्यातला क्रेफिश, म्हणजे लॉबस्टरसारखा दिसणारा प्राणी. समुद्रातला समजून त्याच्या टाकीत मीठ ओतू नका. आणि कंटाळा आला म्हणून त्याला गोदावरीत तर मुळीच सोडू नका. तो इथला नाही, एकदा माजला की नदीतून काढता येणार नाही.