आनेवाडीच्या टोलवर लेन अडू नये म्हणून

रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून पुण्याला निघताय? फास्टॅगचा बॅलन्स घरीच बघा, आनेवाडीच्या रांगेत लागल्यावर नको. टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट टोल पडतो. १५ नोव्हेंबर २०२५पासून यूपीआयने दिला तर सव्वापट. पैशापेक्षा मला मागच्यांची काळजी वाटते. तेवढ्यात पाच-सहा गाड्या खोळंबतात, त्यांत पेशंटही असतो हो!

टॅग आरशामागे, काचेला आतून नीट चिकटवा. डॅशबोर्डवर सुटा ठेवून बूथवर हातात धरायचा प्रकार बंदच करा, तसला टॅग ब्लॅकलिस्ट होतो. पुढच्या गाडीला खेटू नका. नेहमी ये-जा असेल तर खासगी कारला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास घ्या. पैसे चुकून कापले? बूथवर भांडत बसू नका, गाडी पुढे घ्या आणि १०३३ला फोन लावा.