बॅलन्सच्या टेस्टला घरच्या पेशंटला नेताय? मग हे बघून घ्या

युनिव्हर्सिटीतला कुणी रिसर्चर पार्किन्सन्समधल्या चालण्यावर, तोल जाण्यावर अभ्यास करतोय आणि तुमच्या बाबांना किंवा आईला बोलावलंय, तर आधी संमतीपत्र मराठीत मागा आणि पेशंटला स्वतःला वाचू द्या. सही केली म्हणजे अडकलो असं नसतं, नको वाटलं तर मधेच सोडता येतं. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात पेशंटला त्रास तर होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे का तेही विचारा, त्यात लाजायचं काय. उलट तेच टेस्टचे पैसे मागायला लागले तर मला तरी शंका येईल.

गोळ्यांचं नीट वाचा. सिंडोपासारखी पार्किन्सन्सवरची गोळी चढलेली असताना आणि उतरल्यावर माणूस वेगळा चालतो, म्हणून काही अभ्यासात रात्रीपासून साधारण 12 तास गोळी न घेता सकाळी बोलावतात, पण हे न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात करायचं नाही, अचानक औषध थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टर हो म्हणाले तर गोळी खिशात ठेवा, टेस्ट झाली की लगेच देता येते, आणि बस वगैरे नको, दारातून कॅब करा. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्या, हमखास विचारतात.

बूट रोजचेच घाला, नवे कोरे नकोत.

तिथे काय करतात? कमरेला, पायाला सेन्सर बांधतात, खुर्चीतून उठून 3 मीटर चालून, वळून परत येऊन बसायला सांगतात. मागून खांदे धरून झटका देतात, पण तोच माणूस पकडायला मागे उभा असतो, पेशंटला आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाही. कधी चालता चालता 100 मधून 7-7 वजा करायला लावतात. पार्किन्सन्समधे चालणं आपोआप होत नाही, लक्ष देऊन चालावं लागतं, आणि लक्ष गणितात गेलं की पावलं अडतात, तेच त्यांना बघायचं असतं.

गंमत अशी की घरी बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटतात आणि लॅबमधे हाच माणूस झकास चालतो! बऱ्याच जणांचं होतं हे, नवीन जागा, समोर बघणारे लोक, मग सगळं लक्ष चालण्यातच. म्हणून पेशंटला विचारून घरचा व्हिडिओ काढून न्या, पाय दिसतील असा, दारातला आणि वळतानाचा, आणि शूटिंग करणाऱ्याशिवाय दुसरं कुणीतरी शेजारी उभं पाहिजे. टेस्टच्या वेळी मात्र "मोठं पाऊल टाका, एक-दोन, एक-दोन" असं ओरडू नका, त्या तालानेच पाय सुटतात आणि त्यांचं मोजमाप चुकतं. घरी खुशाल ओरडा.

झाल्यावर थोडं बसू द्या, पटकन उठलं की बऱ्याच जणांचं बीपी उतरतं. आणि आलोच आहोत तर जाता जाता लक्ष्मी रोडला डोकावू, हा बेत त्या दिवशी नको.