तोरणमाळचा घाट आणि जुन्या गाड्या

धुळ्याहून आम्ही चार जण दर हिवाळ्यात जुन्या गाड्या घेऊन सातपुड्यातल्या तोरणमाळला जातो. माझी फियाट पॅलिओ, १.६ पेट्रोल. सोबत जुनी व्हीटेक इंजिनाची होंडा सिटी, एक मित्सुबिशी लान्सर आणि फायबर बॉडीची, दोनच सीटची सॅन स्टॉर्म. या गाड्यांचं स्टिअरिंग रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळवतं, म्हणून मला त्या सोडवत नाहीत.

तुम्ही असा बेत आखत असाल, तर आधी ब्रेक ऑइल बदला. इंजिन नंतर बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. माझ्या गाडीत सहा वर्षांचं ऑइल होतं. तोरणमाळच्या सातपायरी घाटाची वळणं उतरताना पॅडल तळाला गेलं. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. बायको शेजारी बसली होती. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो, गाडी चालो न चालो.

टायरची नक्षी बघून फसू नका. कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असतानाच कडक होतं. रेडिएटरचे होज पाइप दाबून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

पहाटे निघा. दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. तिथे टाकी भरा. पुढे म्हसावद, राणीपूर, मग चढ. सर्वांत कमी ताकदीची गाडी पुढून दुसरी ठेवा, म्हणजे तिच्या बेताने सगळे चालतात. शेवटच्या गाडीत घाट ओळखणारा माणूस हवा. प्रत्येक फाट्यावर आपल्या मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एकच नियम पाळला तरी कुणी चुकत नाही. थांब्यावर मी प्रत्येक वेळी विचारतो, "बठ्ठा उनात का?" म्हणजे अहिराणीत, सगळे आलात का? उत्तर आल्याशिवाय चावी फिरवत नाही.

गाडी जोरात चालवायची ती चढावर, आणि तीही समोरचा रस्ता दिसतो तेवढीच. आंधळ्या वळणापलीकडे टपापर्यंत भरलेली जीप असते, शेळ्या असतात, शाळेची पोरं असतात. रस्ता पाड्यांवरच्या लोकांचा आहे. पाडा आला की दुसरा गिअर, हॉर्नचा गोंगाट नाही. आपसात ओव्हरटेक अजिबात नको. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांची यात्रा असते, तेव्हा जाऊच नका. पावसाळ्यात धुकं आणि दरडी. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळून काय झालं ते चाळीसगावकरांना विचारा.

वर यशवंत तलावाशी तासभर गाड्या निवू द्या. उतरताना चढत्या गाडीला वाट द्या, न्यूट्रल कधीच नको. चढलात त्याच गिअरात उतरा, ब्रेक वळणाआधी थोडा वेळ पण ठाम दाबा, मग सोडून द्या. पाय सतत टेकवून ठेवला की पॅड तापतात. जळका वास आला तर लगेच सपाट जागा बघून थांबा, पण चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. हँडब्रेकही लावू नका, गाडी गिअरात ठेवून चाकाखाली दगड लावा. राणीपूर आलं की चहा घ्या आणि तिथेच चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय.