‘रोहित लव्हज हर सिस्टर’: इंग्रजी बोलताना सर्वनामांच्या या चुका टाळा

‘रोहित लव्हज हर सिस्टर.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य धडधाकट आहे, म्हणून शिक्षकही कधीकधी पुढे निघून जातात. अर्थ मात्र भलताच झालाय. रोहितचं प्रेम आता स्वतःच्या बहिणीवर नाही, दुसऱ्याच कुणा मुलीच्या बहिणीवर आहे! बोलणाऱ्याला सांगायचं होतं साधंच: रोहितचा आपल्या बहिणीवर जीव आहे.

‘हर’ आलं कुठून? बहिणीकडून. आपण ‘त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दात दोघांची नोंद होते. ‘त्या’ हा तुकडा मालकाचा, आणि चा-ची-चं ही शेपटी ज्याच्यावर मालकी आहे त्याची. इंग्रजीत ही शेपटीच नाही. तिथे फक्त मालक दिसतो. म्हणून ‘हिज’ की ‘हर’ असा प्रश्न पडला की मराठी शब्दाची शेपटी कापून टाका. ‘त्याची बहीण’मधली ‘ची’ गेली, ‘त्या’ उरला, म्हणजे पुरुष, म्हणजे ‘हिज सिस्टर’. ‘तिचा भाऊ’मधला ‘चा’ गेला, ‘ति’ उरली, म्हणजे ‘हर ब्रदर’. पुढे बहीण असो, भाऊ असो की दहा चुलत भावंडं असोत, फरक पडत नाही.

‘आपला’ हा शब्द आला की ही युक्ती चालत नाही, कारण ‘सीमा आपली पिशवी विसरली’ यात मालक स्त्री की पुरुष हे ‘आपली’वरून कळतच नाही. तिथे सरळ कर्त्याकडे बघायचं: सीमा, म्हणून ‘हर बॅग’. मराठीत ‘आपली’ आणि ‘तिची’ यांत जो फरक आहे, तो मात्र इंग्रजीत पुसला जातो. पिशवी सीमाची की तिच्या मैत्रिणीची, हे ‘हर’वरून ठरत नाही. गोंधळ होणार असेल तर ‘हर ओन बॅग’ म्हणा, नाहीतर मैत्रिणीचं नाव घ्या.

याच्या उलट बाजूची चूक ऐकणाऱ्याला खटकते, पण बोलणाऱ्याला सापडत नाही. ‘तिने हात धुतले.’ ‘त्याने डोळे मिटले.’ ‘मी आईला विचारलं.’ यांत हात कुणाचे आणि आई कुणाची हे सांगायची मराठीला गरज वाटत नाही. इंग्रजीला वाटते. ‘शी वॉश्ड हँड्स’ हे वाक्य अर्धवट ठेवल्यासारखं लागतं, तिथे ‘हर हँड्स’ हवं. शरीराचे अवयव, अंगावरचे कपडे आणि नातेवाईक ही तीन ठिकाणं लक्षात ठेवा. तिथे मराठीत मालक गाळलेला असला तरी इंग्रजीत बहुतेक वेळा तो भरावा लागतो.

आता क्रियापद. ‘शी हॅव टू ब्रदर्स’ ही चूक निष्काळजीपणाची मानली जाते. मला तसं वाटत नाही. ‘तिला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ हे भावांकडे बघून अनेकवचनी झालंय, आणि डोक्यातलं तेच ‘आहेत’ तोंडातून ‘हॅव’ होऊन बाहेर पडतं. ‘त्यांचं एक घर आहे’चं ‘दे हॅज अ हाऊस’ होतं तेही याच वाटेने. मराठीची ही खोडच आहे: ‘तिने पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, चिठ्ठ्या लिहिल्या’. लिहिणारी तीच, पण क्रियापद कागदामागे धावतं. इंग्रजी क्रियापद कर्त्याला सोडत नाही. मालकीच्या वाक्यात तर मालकच कर्ता होतो: ‘शी हॅज’, ‘दे हॅव’. किती भाऊ आणि किती घरं हे विसरून जा.

प्रश्न किंवा नकार आला की ‘हॅज’ परत ‘हॅव’ होतं: ‘डझ शी हॅव’, ‘शी डझन्ट हॅव’. एकवचनाची खूण ‘डझ’ने उचलली, ती दोनदा लावायची नाही. आणि ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ तर नकोच. बहिणी ही चालू असलेली क्रिया नव्हे.

‘वन ऑफ माय फ्रेंड आर कमिंग’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘ऑफ माय’नंतर सगळा घोळका यायला हवा, म्हणून ‘फ्रेंड्स’. येणारा मात्र एकच, म्हणून ‘इज’. जीभ अडखळत असेल तर ‘अ फ्रेंड ऑफ माइन इज कमिंग’ म्हणा, तेच सोपं. इथे ‘माय’ नाही, ‘माइन’. मराठीत ‘माझं पेन’ आणि ‘हे पेन माझं’ दोन्हीकडे ‘माझं’ चालतं, पण इंग्रजीत नाम पुढे असेल तर ‘माय’ आणि नसेल तर ‘माइन’.

बाबांना ‘आले’ म्हणायची सवय असलेला माणूस ‘माय फादर आर कमिंग’ म्हणतो, यात त्याचे संस्कार दिसतात, पण वाक्य चुकतं. इंग्रजीत बाबा कितीही आदरणीय असले तरी ‘ही इज’च. गंमत म्हणजे आदरार्थी अनेकवचन इंग्रजीतही होतं. एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यू’ म्हणत, मग मान द्यायला एकालाही ‘यू’ म्हणू लागले, आणि हळूहळू रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ हद्दपार झाला. आपल्या ‘तू’ला ‘तुम्ही’ने गिळलं असतं तर जे झालं असतं, तेच. समोर एकच माणूस असूनही ‘यू आर’ म्हणतात ते त्यामुळे. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरलेलं दिसलं तर ते चूक समजू नका. लिंग माहीत नसेल किंवा त्या व्यक्तीला तसंच हवं असेल तर ‘दे’ म्हणतात, आणि लिंग माहीत नसतानाचा वापर तर चौदाव्या शतकापासूनचा आहे. क्रियापद तिथेही ‘आर’च राहतं.

निर्जीव वस्तूंना ‘ही’-‘शी’ नको. खुर्ची मराठीत ‘ती’ असली तरी इंग्रजीत ‘इट’.

‘इट’ गाळण्याची चूक जास्त चिवट आहे. ‘गेलो होतो’ म्हटलं की कोण गेलं ते क्रियापदच सांगतं. ‘आवडलं’ म्हटलं की काय आवडलं ते समजून घेतलं जातं. इंग्रजीत ‘वेंट’वरून कोण ते कळत नाही आणि ‘आय लाइक्ड’ लटकत राहतं, ‘आय लाइक्ड इट’ म्हणावं लागतं. करणारा कुणीच नसला तरी जागा भरायची: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज सिक्स’. हा ‘इट’ म्हणजे कोण, हे विचारू नये. तो नुसता खुर्ची अडवून बसलाय.

ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ म्हणू नका. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणा. ‘मायसेल्फ’ला आधी ‘आय’ लागतो: ‘आय हर्ट मायसेल्फ’.

शेवटची चूक फक्त लिहिताना होते. मालकीचं ‘इट्स’ वरच्या स्वल्पविरामाशिवाय लिहितात, अगदी ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’सारखं. ते चिन्ह ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ जोडून लिहिताना येतं. नामांना मालकी दाखवायला हेच चिन्ह लागतं, म्हणून मूळ इंग्रजी बोलणारेही इथे सर्रास घसरतात. शब्दही तसा नवखाच. पूर्वी निर्जीव वस्तूंसाठीही ‘हिज’ चालायचं, आणि 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलच्या प्रसिद्ध भाषांतरात मालकीचं ‘इट्स’ एकदाही नव्हतं. शंका आली की त्या जागी ‘इट इज’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. ‘द डॉग वॅग्ड इट इज टेल’ असं स्वतःच्याच तोंडून ऐकलं की हात आपोआप चिन्ह खोडायला जातो.