नागपूरच्या उन्हात चॉकलेट खायचं कसं

मे महिन्यात सीताबर्डीहून घरी येईस्तोवर डिकीतल्या चॉकलेटचं पार वरण झालं. चॉकलेटमधली चरबी, म्हणजे कोको बटर, 34 अंशांच्या आसपासच वितळते, अन् इथं पारा 45 गाठतो. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, पण डबा लगेच उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं.

70 टक्के कोकोवालं डार्क चॉकलेट असेल तर सोबत बिनसाखरेची कोरी कॉफी. आधी घोट घ्या, तोंड गरम झालं की तुकडा जिभेवर ठेवा. चावायचा नाही! आधी कडा सुटतात, मग कडवटपणा, मग हळूच आंबूस चव.

मिल्क चॉकलेटला आल्याचा कडक चहा, साखर निम्मी. संत्र्याचा रस सोबत नको, फार आंबट लागतो. साल किसून डार्कवर भुरभुरा. आईला ही थेरं वाटतात, पण बशी तिचीच आधी रिकामी होते.