दिव्यांगांच्या निवासी संस्थांची तपासणी: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी मुंबईत दिव्यांगांच्या अनुदानित संस्थांच्या तपासणी पथकात कंत्राटी पद्धतीने रुजू झाले, तेव्हा तपासणी म्हणजे कागद जुळवणे, अशीच माझी समजूत होती. कागदांना महत्त्व आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार खासगी संस्थेला नोंदणी प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही आणि ते प्रमाणपत्र रद्दही होऊ शकते. मात्र अशी कारवाई अपिलात टिकेल की नाही, हे बहुतांशी आपण अहवालात नेमके काय नोंदवले यावर ठरते.

माझी पहिली मोठी चूक उपनगरातील एका संस्थेत झाली. निवासी मुलांची मान्य संख्या ४०, हजेरीपट पूर्ण, उपयोगिता प्रमाणपत्रावर (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सनदी लेखापालांची सही. मी ‘समाधानकारक’ असा शेरा मारून संध्याकाळची लोकल पकडली. महिन्याभराने वरिष्ठ मॅडमनी हजेरीपटाशेजारी धान्याची साठा नोंदवही उघडून ठेवली. हजेरी चाळिसांची आणि तांदूळ जेमतेम २५ जणांना पुरेल इतका. अख्ख्या महिन्याची हजेरी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरल्यासारखी होती, हे मलाही दिसले होते. त्याचा अर्थ लावणे मात्र सुचले नव्हते.

तेव्हापासून मी आधी स्वयंपाकघरात जाते. (कार्यालयात बसलात की चहा येतो आणि चहाबरोबर अर्धा तास जातो.) विशेष शिक्षकांची तपासणी लवकर उरकते, त्यांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत पाहावी. खरी अडचण रात्रपाळीची असते. रात्री किती काळजीवाहक असतात, त्यांचा पगार खात्यात जमा होतो की हातात मिळतो, एखाद्या मुलाला फिट आली तर रुग्णालयात कोण नेते, हे अधीक्षकांइतकेच पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाही विचारावे. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही जशीच्या तशी लिहावीत.

‘स्वच्छतागृहात सुधारणा आवश्यक’ असा शेरा निरुपयोगी असतो, कारण त्रुटीपूर्ततेच्या पत्रात संस्था ‘सुधारणा केली’ एवढेच कळवते आणि संचिका बंद होते. ‘दारातून व्हीलचेअर आत जात नाही, शौचकुपाशेजारी आधाराचा कठडा नाही’ असे लिहावे. फेरतपासणीत तो कठडा धरून, त्यावर भार टाकून पाहावा. मी धरलेला एक कठडा स्क्रूसकट भिंतीतून निघून आला होता आणि पूर्ततेच्या पत्राला त्याचाच रंगीत फोटो जोडलेला होता.